'उगाच' हिंडण्याचा हक्क

परदेशी जाऊन आलेल्या जोडप्याला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. नवऱ्याला विचारतात, 'खर्च किती आला?' आणि बायकोला विचारतात, 'तिकडे जेवणाचं काय केलंत?' 2024 च्या मे महिन्यात आम्ही दोघं व्हिएन्नाला जाऊन आलो, तेव्हापासून हे दोन्ही प्रश्न मी असंख्य वेळा ऐकले. राजवाडा, चर्च, चित्रं यांबद्दल सांगायची माझी तयारी होती. पण त्यात कुणाला फारसा रस नव्हता. मलाही खरं तर राजवाड्याबद्दल लिहायचं नाही. लिहायचं आहे ते तिथल्या पहिल्या दिवसाबद्दल, आणि त्यातही दुपारच्या दोन तासांबद्दल, ज्यात मी 'पाहण्यासारखं' काहीही पाहिलं नाही.

ही सहल इतकी का लांबली ते आधी सांगायला हवं. ती कहाणी तुमच्यापैकी पुष्कळजणींना पाठ असेल, फक्त गावाचं नाव बदलेल. आमचं लग्न 1989 चं. नवरा भौतिकशास्त्र शिकवायचा. व्हिएन्नाच्या मोठ्या दफनभूमीत बोल्ट्झमन या शास्त्रज्ञाची कबर आहे आणि त्या दगडावर त्याचं समीकरण कोरलेलं आहे. ते एकदा डोळ्यांनी पाहायचं, असं तो लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणत होता. मग घराचं कर्ज, मुलांची शिक्षणं. 2014 साली, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, जायचं पक्कं केलं आणि सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुढची चार वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्या चार वर्षांत नवरा कॉलेजच्या मुलांना घेऊन दोनदा सहलीला गेला. मी एकदाही गावाबाहेर रात्र काढली नाही. यात त्याचा दुष्टपणा नव्हता. कुणीतरी घरी थांबायला हवं होतं, आणि ते 'कुणीतरी' कोण यावर आमच्या घरात कधी चर्चाच झाली नाही. मग 2020 ची तिकिटं काढली, ती टाळेबंदीत गेली. 'आमची सहल पस्तीस वर्षं लांबली' असं आम्ही दोघंही म्हणतो. पण दोघांची ती सारखी लांबली नव्हती, एवढं तरी आपण आपसात बोलायला हरकत नाही.

निघण्याआधी व्हिसाचा अर्ज भरायचा असतो. त्यात एक रकाना आहे: प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च कोण करणार? अर्जदार स्वतः, की दुसरं कुणी? माझं विमानाचं तिकीट माझ्या भिशीतून आणि शिकवण्यांच्या पैशांतून निघालं होतं. एकोणीस वर्षं मी घरी मुलांना शिकवलं, पण रोखीत. पगाराची चिठ्ठी नाही, आयकराचा कागद नाही. तेव्हा कागदपत्रं जमवून देणाऱ्या मुलाने 'दुसरं कुणी' वर खूण केली आणि पुढे 'पती' असं लिहिलं. त्याला हे इतकं साधं वाटलं की त्याने मान वरही केली नाही. मोजल्या न जाणाऱ्या कामाबद्दल आपण वर्षानुवर्षं बोलतो आहोत. ते न मोजणं एखाद्या चौकोनात अशी बारीक खूण होऊन येतं.

सकाळी उतरलो. राहायची जागा मार्गारेटन नावाच्या पाचव्या विभागात घेतली होती, कारण हॉटेलपेक्षा स्वस्त, आणि स्वयंपाकघर असलेली. नवऱ्याने दार उघडल्या उघडल्या ते पाहिलं आणि मनापासून म्हणाला, 'वा, बरं झालं. निदान वरणभाताची सोय झाली.'

'कुणाची सोय?' मी विचारलं.

तो हसला. मीही हसले. पण प्रश्न गमतीने विचारलेला नव्हता. माझ्या बॅगेत मेतकूट होतं, भाजणी होती, मुगाची डाळ होती, छोटा कुकर होता. त्याच्या बॅगेत त्याचे कपडे आणि दोन पुस्तकं होती. सहलीला निघालेल्या बाईच्या बॅगेत अर्धं घर असतं, आणि ते घर बाहेर काढलं की सुट्टी संपते.

ते स्वयंपाकघर अगदी चिंचोळं होतं. एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याला आत शिरता येऊ नये, इतकं. आज जगभर फ्लॅटमध्ये ओट्याखाली-ओट्यावर कपाटं बसवलेली जी आटोपशीर स्वयंपाकघरं दिसतात, त्यांची एक मूळ आवृत्ती व्हिएन्नात जन्मलेल्या बाईने आखली आहे. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की ही वास्तुविशारद. 1926 साली तिने फ्रँकफर्टमधल्या कामगारवस्तीसाठी ते स्वयंपाकघर तयार केलं. बाईची पावलं वाचावीत, वेळ वाचावा, हा तिचा हेतू. पुढे नाझींविरुद्धच्या लढ्यात तिने तुरुंगवास भोगला. तिच्याबद्दल मला अतिशय आदर आहे. पण पावलं वाचवता वाचवता ते स्वयंपाकघर एकाच माणसाच्या मापाचं झालं, आणि तो एक माणूस कोण हे समाजाने ठरवलेलंच होतं. चांगल्या मनाने आखलेली सोयसुद्धा बाईला एकटं पाडू शकते. आपल्याकडे मिक्सर आला, गॅस आला. भाकरी थापणारे हात बदलले का?

असो. मी कुकर बॅगेतच ठेवला. सोबत आणलेले धपाटे खाल्ले आणि नवरा आडवा झाला. व्हिएन्ना आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, त्यात रात्रभराचं जागरण. तो पाच मिनिटांत घोरू लागला. मला झोप येईना. टेबलावर चिठ्ठी ठेवली, 'जरा बाहेर जाऊन येते', आणि निघाले.

मैत्रिणींनो, जिना उतरताना मी कशाचा विचार करत होते सांगू? काय कारण सांगायचं याचा. त्या शहरात मला कुणी ओळखत नव्हतं, माझी भाषा कुणाला येत नव्हती, कुणी विचारणार नव्हतं. तरी डोकं आपलं कारण शोधत होतं: दूध आणायचं आहे का? फोनचं कार्ड? आपल्याकडे बाईला घराबाहेर पडायला दळण लागतं, देव लागतो, नाहीतर दवाखाना लागतो. वारीला जाणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना पंढरीची ओढ होती हे खरंच. पण त्या निमित्ताने मोकळ्या आभाळाखाली पंधरा-वीस दिवस चालायला मिळत होतं, हेही तितकंच खरं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 साली 'व्हाय लॉयटर?' नावाचं पुस्तक लिहिलं. मुंबईतल्या बाईला रस्त्यावर सतत काहीतरी काम असल्यासारखं दाखवावं लागतं, रेंगाळता येत नाही, हा त्याचा गाभा. मी ते वाचलं होतं, आमच्या अभ्यासवर्गात त्यावर बोललेही होते. ते आपल्या पायांत किती मुरलेलं आहे, हे त्या दुपारी जाणवलं.

जवळच आइन्सीडलर पार्क नावाची बाग होती. खूप सुंदर वगैरे नाही; आपल्याकडच्या नगरपालिकेच्या बागेसारखीच साधी. मी एका बाकावर बसले. हातात पुस्तक नाही, विणकाम नाही, निवडायला भाजी नाही. समोर दहा-बारा वर्षांच्या मुली जाळीच्या दोन्ही बाजूंनी चेंडू मारत होत्या. काहीजणींच्या डोक्यावर रुमाल होते. एक म्हातारी पलीकडच्या बाकावर पाय पसरून डोळे मिटून उन्हात बसली होती. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. पहिला अर्धा तास मी अवघडून बसले होते, पदर सावरल्यासारखी ओढणी सावरत. मग पाठ टेकवली. दोन तास गेले.

हे मी इथे सांगितलं की काहीजणी म्हणतात, 'अगं, तिकडची संस्कृतीच वेगळी.' या वाक्याशी माझं भांडण आहे. संस्कृती म्हटलं की विषय मिटतो. मग आपल्याला काही करायचं उरत नाही. तिकडची संस्कृती काय होती ते पाहा. ऑस्ट्रियाच्या 1811 च्या नागरी कायद्याने नवऱ्याला कुटुंबप्रमुख ठरवलं होतं, आणि बायकोने त्याच्या घरी राहावं, त्याचं ऐकावं अशी व्यवस्था होती. ती बदलणारा कायदा 1975 साली झाला आणि 1976 पासून लागू झाला. व्हिएन्ना विद्यापीठाने मुलींना प्रवेश दिला 1897 साली, तोही फक्त एका विद्याशाखेत. कलकत्ता विद्यापीठाने त्याआधी चौदा वर्षं, 1883 साली, दोन स्त्रियांना पदवी दिली होती. आपली आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाली होती. ज्या वाद्यवृंदाच्या नावाने हे शहर मिरवतं, त्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकने पहिली स्त्री सदस्य घेतली 1997 साली. ॲना लेल्केस ही हार्पवादक त्याआधी पंचवीसहून अधिक वर्षं त्यांच्यात बसून वाजवत होती, सदस्य नसताना. ही तिकडची संस्कृती!

मग बाकावर मला निवांत बसता आलं ते कशामुळे? परतल्यावर मी जे वाचलं त्यावरून सांगते. 1991 साली एवा काइल आणि तिच्या सहकारी बाईंनी व्हिएन्नात एक छायाचित्र-प्रदर्शन भरवलं. विषय होता, सार्वजनिक जागा कुणाच्या? शहरातल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायकांचा रोजचा दिवस, त्या कुठून कुठे कशा जातात, हे त्यात दाखवलं होतं. दुसऱ्याच वर्षी, 1992 मध्ये, पालिकेत स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. पुढे बायकांच्या सोयीचा विचार करून, स्त्री वास्तुविशारदांनी आखलेली 357 घरांची वसाहत 1997 पर्यंत उभी राहिली: आवारातच बालवाडी, मुलांच्या गाड्या ठेवायला जागा, खिडकीतून दिसेल असं अंगण. 1999 साली एका विभागातल्या लोकांना 'तुम्ही रोज कसे ये-जा करता' असं विचारलं. पुरुषांचं उत्तर झटपट लिहून झालं: सकाळी कामावर, संध्याकाळी घरी. बायकांचं लिहून संपेना. मुलाला शाळेत सोडणं, तिथून नोकरी, मध्येच सासूचं औषध, येताना भाजी, मुलाला परत आणणं. रस्ते आणि बसगाड्या आखणाऱ्यांनी तोवर फक्त पहिलं उत्तर गृहीत धरलं होतं.

आणि बागा. 1996-97 च्या सुमारास त्यांनी बागांमध्ये कोण येतं याची पाहणी केली. नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलं-मुली दोन्ही यायची; त्यानंतर मुली दिसेनाशा व्हायच्या, मुलगे तेवढेच राहायचे. मोकळ्या मैदानाचा ताबा फुटबॉल खेळणारे मुलगे घेत, आणि मुली भांडत बसण्याऐवजी निघून जात. यावर 'मुलींना खेळायची आवडच नसते' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी दोन बागा नव्याने आखल्या. एकच मोठं मैदान न ठेवता त्याचे भाग केले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परत आल्या. त्या दोनांतली एक बाग म्हणजे मी बसले होते तीच, आइन्सीडलर पार्क.

म्हणजे माझ्यासमोर चेंडू मारणाऱ्या मुली तिथे आपोआप आलेल्या नव्हत्या. पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी कचेरीत बसून, नकाशे पसरून, पैसे मंजूर करून घेऊन त्यांना जागा केली होती.

हे शहर म्हणजे स्वर्ग, असंही मला म्हणायचं नाही. त्याच संध्याकाळी शहराच्या मध्यभागी एका सार्वजनिक स्वच्छतागृहात माझे पन्नास सेंट गेले आणि नवरा मुतारीत फुकट जाऊन आला! मला मुंबईतली 'राइट टू पी' ही मोहीम आठवली. 2011 पासून आपल्या कार्यकर्त्या नेमकं हेच सांगत आल्या, की पुरुषाला फुकट आणि बाईला पैसे हा कुठला न्याय. आणि बाकावर बसता आलं म्हणजे घर सुरक्षित, असंही नाही. मारहाण करणाऱ्या पुरुषाला पोलिसांनी घराबाहेर काढावं, यासाठी त्यांना 1997 साली खास कायदा आणावा लागला होता.

त्या दोन तासांचा शेवट गोड झाला नाही, तेही सांगते. मी परतले तेव्हा नवरा जिन्याच्या खाली उभा होता, अनवाणी चपला घातलेला, चेहरा उतरलेला. 'कुठे होतीस? फोन का नाही उचललास?' फोन खोलीतच चार्जिंगला लावला होता. 'चिठ्ठी ठेवली होती की.'

'जरा म्हणजे दोन तास? काही झालं असतं तर?'

'काय झालं असतं?'

त्याला उत्तर देता येईना. भीती खरी होती, प्रेमातूनच आलेली होती. पण मी त्याला म्हटलं (मी त्याला अरे-तुरे करते, सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही), 'तू कॉलेजातून परस्पर मित्राकडे जाऊन रात्री दहाला यायचास, तेव्हा मी जिन्यात उभी नसायची. तुला काही होईल असं मला वाटत नव्हतं असं नाही. पण तुझ्या हिंडण्याचा हिशोब मागायचा असतो, हेच मला कुणी शिकवलं नव्हतं.' पहिलाच दिवस, पस्तीस वर्षांनी जमून आलेला, आणि आम्ही अर्धा तास एकमेकांशी बोललो नाही. काळजी हा फार नाजूक विषय आहे. बाईला आत ठेवण्याचं काम धाकाने जितकं होतं, तितकंच काळजीनेही होतं. धाकाशी भांडता येतं. काळजी करणाऱ्या माणसाशी भांडताना आपलं आपल्यालाच वाईट वाटत राहतं.

संध्याकाळी ट्रामने विद्यापीठात गेलो. ते त्याच्याच यादीतलं. आतल्या चौकाच्या ओवऱ्यांमध्ये थोर प्राध्यापकांचे पुतळे आहेत, दीडशेहून अधिक पुरुष. 2016 पर्यंत त्या सगळ्यांत एकाच बाईची आठवण होती, एका लेखिकेची. 2016 मध्ये सात शास्त्रज्ञ-विदुषींची स्मारकं बसवली. त्यांत लिझे माइट्नर आहे. तिच्या लहानपणी मुलींचं शिक्षण चौदाव्या वर्षी संपायचं. तिने घरी अभ्यास करून परीक्षा दिली आणि 1906 मध्ये इथूनच पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवली. अणूचं विभाजन उलगडण्यात तिचा मोठा वाटा. 1944 चं नोबेल मात्र एकट्या ओटो हानला. हे मला नवऱ्यानेच सांगितलं, तिथे उभं राहून, शिकवताना सांगायचा तसं तळमळीने. मग थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, 'तीस वर्षं अणूविभाजन शिकवलं. तिचं नाव फळ्यावर कितीदा लिहिलं असेन, कोण जाणे.' दुपारचं भांडण तिथे मिटलं असं मी म्हणणार नाही, पण बोलणं सुरू झालं.

बाहेर चौकात सिग्नलला थांबलो. व्हिएन्नात 2015 साली एका गाण्याच्या स्पर्धेच्या निमित्ताने पादचाऱ्यांच्या दिव्यांत एका माणसाऐवजी जोडपी आणली: कुठे बाई-पुरुष, कुठे दोन बायका, कुठे दोन पुरुष. हिरवा लागला की ती हातात हात घालून चालतात. आम्ही दोघं नेहमीप्रमाणे एकामागे एक रस्ता ओलांडला, तो चार पावलं पुढे. पस्तीस वर्षांची सवय एका दिव्याने थोडीच जाते!

रात्री खिचडी झाली. डाळ-तांदूळ त्याने धुतले, फोडणी मी दिली. चिंचोळ्या जागेत आळीपाळीने उभं राहावं लागलं.

कुणी म्हणेल, युरोपला जायची ऐपत असलेल्यांच्या या गप्पा आहेत. मला तसं वाटत नाही. मार्च 2023 मध्ये राज्यात एसटीचं तिकीट बायकांना अर्धं झालं, तेव्हाचे विनोद आठवा: बायका आता उगाच हिंडत सुटल्या. बाजारला जाते म्हटलं असतं तर कुणी हसलं नसतं. सगळा राग त्या 'उगाच' वर होता. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई त्या अर्ध्या तिकिटात वणीला जाऊन आल्या, देवीच्या नावाने. मी विचारलं, मजा आली का? म्हणाल्या, 'ताई, खिडकीत बसले होते ना, तेच बरं वाटलं.'

तेव्हा माझं मत सरळ आहे. बाईच्या रिकामपणाला जागा लागते, आणि ती जागा कुणीतरी आखावी लागते, तिला पैसे लागतात, वेळापत्रक लागतं. आपल्या राज्यात 2011 पासून स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. या निवडून आलेल्या बायकांकडे आपण नळ मागतो, गटारं मागतो, आणि ते मागायलाच हवं. पण बाक कितीजणींनी मागितला?

आमच्या वॉर्डातली बाग सकाळी दहाला बंद होते आणि दुपारी चारला उघडते. म्हणजे घरातल्या बाईला जो काय थोडा मोकळा वेळ मिळतो, नेमका त्याच वेळात फाटकाला कुलूप. सकाळी चालणाऱ्या निवृत्त पुरुषांच्या आणि संध्याकाळी खेळणाऱ्या मुलांच्या वेळा कुणीतरी ध्यानात घेतल्या, आमची घेतली नाही. आम्ही काहीजणींनी अर्ज दिला आहे: बाग दुपारी उघडी ठेवावी, सावलीत बाक असावेत, बायकांसाठी मोफत स्वच्छतागृह असावं. कारकुनाने अर्ज वाचून विचारलं, 'दुपारी बागेत बायकांना कशासाठी यायचंय?'

'बसायला,' आम्ही म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. आम्ही पुन्हा तेच सांगितलं. अर्जाची पोच घेतली आहे. तुमच्या गावातल्या, वॉर्डातल्या बागांच्या वेळा काय आहेत आणि त्या कुणी ठरवल्या, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात छापू.